पटाचा छकडा, एकास आठ

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नुसतं ‘पट’ म्हटलं तरी पुरतं. दोन बैल, त्यांच्यामागे एक हलका छकडा, छकड्यावर अंग चोरून बसलेला धुरकरी आणि समोर सरळ आखलेली दाण. सगळा खेळ काही सेकंदांचा आणि निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर. पटाच्या बैलांवर, त्यांच्या खुराकावर, त्यांना मिळालेल्या किमतींवर लोक तासन् तास बोलतात. छकड्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. हा लेख त्या छकड्याबद्दल आहे. त्यातही, एका छकड्याची एकास आठ मापाची प्रतिकृती मी कशी केली, तिच्यात कोणकोणत्या खेळण्यांचे भाग घातले आणि ते घालताना माझं काय चुकलं, याबद्दल आहे.

आधी छकडा म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे ओझ्याची गाडी ती बंडी. कापूस, कडबा, खत सगळं बंडीवर. माणसांना घेऊन जाणारी हलकी गाडी ती रेंगी, आणि वर छत असलेली दमणी. गावागणिक या नावांत थोडा फरक पडतो, पण उतरंड हीच. छकडा या सगळ्यांपेक्षा हलका. त्याला साटी नाही, बाजूच्या दांड्या नाहीत, माल ठेवायला जागा नाही. आस, दोन चाकं, पुढे निमुळत्या होत एकत्र येणाऱ्या दोन धुऱ्या, त्यांच्यावर बसण्यापुरती फळी, आणि पुढे जू. जे काढलं तरी गाडी पळेल ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं तो पटाचा छकडा.

मी मोजलेला छकडा दारव्हा तालुक्यातल्या एका गावात गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. हे २०१५ सालचं. आदल्या वर्षी, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली होती. पट थांबले होते. घरमालकाने बैलजोडी विकून टाकली होती आणि छकडा काय करायचा हे ठरलेलं नव्हतं. मी टेप, दोरी, ओळंबा आणि दोनशे पानी वही घेऊन दोन दिवस तिथे गेलो. जुन्या अवजारांची मापं घेऊन ठेवणं हा माझा वीस-बावीस वर्षांचा नाद. त्याला कोणत्याही पदवीचा आधार नाही. तिफण, वखर, मोट, घाणा अशी बरीच मापं वह्यांत पडून आहेत. छकडा त्यातलाच एक. प्रतिकृती करायचं तेव्हा डोक्यात नव्हतं.

मापं घेताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की हा छकडा ‘बनवलेला’ नव्हताच. चाकं एका जुन्या रेंगीची होती. लोखंडी आस बंडीचा होता, दोन्ही टोकांना कापून आखूड केलेला. धुऱ्या तेवढ्या नव्या, धावड्याच्या. बसायची फळी सागाची आणि तिच्यावर आधीच्या कुठल्यातरी दाराच्या बिजागरीच्या खुणा. ज्यांनी तो जोडला ते वाढई तेव्हा हयात होते. त्यांना विचारलं तर हसले. म्हणाले, “पटाचा छकडा नवा थोडीच करतेत जी? ज्याच्यापाशी जे हाये, त्यातून काढा लागते.”

परदेशात मोटारींची लहान प्रतिकृती करणारे हौशी लोक नेमकं हेच करतात आणि त्याला त्यांनी नाव दिलं आहे, किटबॅशिंग. किट म्हणजे सुट्या भागांचा तयार संच. तो आणायचा, आणि खोक्यावर छापलेली गाडी न करता दोन-तीन संच फोडून, त्यांचे भाग कापून, भरून, घासून, तिसरीच गाडी करायची. अमेरिकेतल्या एएमटी या कंपनीने १९५८ साली एकास पंचवीस मापाचे असे संच काढले की एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे जोडता यावी: कारखान्यातून बाहेर पडते तशी, मालकाच्या हौसेप्रमाणे बदललेली, किंवा शर्यतीची. साहजिकच प्रत्येक खोक्यामागे न वापरलेल्या भागांचा ढीग उरायचा. त्या ढिगातून हा छंद वाढला. पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या अवकाशयानांची अंगं रणगाडे आणि मोटारींच्या अशाच प्लास्टिकच्या भागांनी सजवली गेली, आणि जगभर पाहणाऱ्यांना ती खरी यंत्रं वाटली. मराठीत मी या प्रकाराला ‘मोडजोड’ म्हणतो. मोडतोड आणि जोडणी दोन्ही त्यात आली.

मोडजोडीतली पहिली अडचण मापाची. एकास चोवीस आणि एकास पंचवीस ही दोन मापं कानाला जवळजवळ सारखी वाटतात. पण पुढच्या-मागच्या चाकांमध्ये शंभर इंच अंतर असलेली मोटार एका मापात चार इंचांची होते आणि दुसऱ्यात त्याहून सहावा भाग इंच लांब. एकीचं अंग दुसरीच्या सांगाड्यावर चढवलं की चाक कमानीच्या मध्यावर बसत नाही. दार, काच, दिवे यांत थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. चाकात खपत नाही, कारण चाक गोल आहे आणि गोलाभोवतीची फट कमी-जास्त झालेली डोळ्याला लगेच कळते. म्हणून जाणकार लोक आधी चाकं ठरवतात आणि अंग त्यांच्याभोवती कापतात.

माझ्या बाबतीत चाकांआधी बैल ठरले. त्याचं कारण तान्हा पोळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत तोरणाखाली आणतात, घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. नागपूरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये ही चाल सुरू केली असं सांगितलं जातं. हे बैल सुतार करतात आणि ते चार लहान चाकांच्या फळीवर उभे असतात. दर वर्षी पोळ्याच्या आधी बाजारात त्यांची रांग लागते, बोटभर उंचीपासून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत. खांद्याशी सहा इंच उंच अशी एक जोडी मला मिळाली. गवळाऊ हा आमच्याकडचा खरा पळणारा बैल. पांढरा, सडपातळ, मराठ्यांच्या काळात फौजेच्या सामानासाठी नावाजलेला. त्याची खांद्याशी उंची साधारण चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. अठ्ठेचाळीसला सहाने भागलं की आठ. माप ठरलं, एकास आठ. बैल मला कोरता येत नाहीत, लाकूड मात्र कापता येतं. जे आपल्याला बदलता येत नाही त्याच्यावरून माप ठरवावं, एवढं शहाणपण वर सांगितलेल्या चाकांच्या गोष्टीतून घेतलं होतं.

मापात लहान गाडी करण्याची ओढ काही अलीकडची नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार जड धातुमूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, सोळा सेंटिमीटर रुंद, आणि त्यात उभा असलेला सारथी सोळा सेंटिमीटर उंच. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तर हडप्पा काळातला, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, असं बरेच जण मानतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंका घेतली आहे. मला त्या वादात शिरायचा अधिकार नाही. मी फक्त एक भागाकार केला. सारथी खऱ्या आयुष्यात एकशे साठ सेंटिमीटर उंच धरला तर माप एकास दहा येतं. त्या मापाने बैलांसकट रथ साडेचार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद. आमच्या गोठ्यातला छकडा बैल जुंपल्यावर जेवढी जागा घेई, त्याच्या हे फार जवळ आहे. हा योगायोग असू शकतो. पण ज्याने तो रथ घडवला त्याला माणूस, बैल आणि गाडी यांचं एकमेकांशी प्रमाण ठाऊक होतं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

आणि इतकं मागे कशाला जायचं? माझ्या लहानपणी दिवाळीनंतर ज्वारी निघाली की आम्ही धांड्यांच्या बंड्या करायचो. धांडा सोलला की वरची साल चिवट आणि टोकदार निघते, आतला गाभा भेंडासारखा मऊ. साल खिळ्यासारखी गाभ्यात खुपसायची. खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही. दोन चाकांच्या गाभ्याच्या चकत्या, मध्ये सालीची आस, आणि अर्ध्या तासात बंडी तयार. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनच्या कुटारातून बंडी होत नाही.

परत छकड्याकडे येतो. चाकांसाठी मी शोभेची बैलगाडी घेतली, दिवाणखान्यात ठेवतात तशी, वार्निश मारलेली. तिची चाकं व्यासाने बरोबर चार इंच होती आणि खऱ्या चाकाचा व्यास होता बत्तीस इंच. आनंद झाला, पण तो तेवढाच. शोभेच्या चाकाला सहा जाड आरे होते, खऱ्याला बारा. आरा खऱ्यात सव्वा इंच जाड. एकास आठ केला की चार मिलिमीटर होतो. शोभेच्या चाकाचा आरा दहा मिलिमीटरचा. मग चाकाचा बाहेरचा परीघ तेवढा ठेवला, आतलं सगळं कापून काढलं. मधला तुंबा बाभळीच्या फांदीतून घासून केला, कारण खऱ्या चाकाचा तुंबाही बाभळीचाच होता. आऱ्यांना बांबूच्या कामट्या तासल्या. बारा भोकं एकाच वर्तुळात, तीस-तीस अंशांवर पाडायची तर कागदावर वर्तुळ आखून ते तुंब्याभोवती गुंडाळावं लागतं. तीन तुंबे वाया गेले. चौथा बरा आला.

धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, हा या कामातला सगळ्यात शिकवणारा भाग. खरी धाव लोहार चाकापेक्षा किंचित लहान करतो. ती गोवऱ्यांच्या आरात लालभडक तापवतो, तापून ती फुगते, मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. आकसताना ती आरे, पुठे, तुंबा सगळं एकमेकांत असं दाबून बसवते की चाकाला वेगळा खिळा लागत नाही. बत्तीस इंची चाकाचा घेर शंभर इंच. पाचशे अंशांनी तापमान वाढलं तर लोखंड या घेरात अर्ध्या इंचाहून थोडं जास्त वाढतं. लोहाराचा सगळा खेळ त्या अर्ध्या इंचात. मला वाटलं, प्रमाण तेच असणार, मग लहान चाकावरही हे जमायला हवं. कापसाच्या गाठीला बांधतात ती लोखंडी पट्टी जाडीला जवळजवळ बरोबर होती. ती कात्रीने अरुंद केली, टोकं झाळली, तापवली. चिमट्यात धरून चाकापर्यंत आणेपर्यंत ती गार झालेली असे. पातळ पट्टीत उष्णता टिकत नाही. लांबी आठपट लहान झाली तरी हवेतला गारठा आठपट कमी होत नाही. पाचव्या वेळी चढली, तेव्हा कामट्या जळाल्या. शेवटी गारच बसवली आणि आतून चिकटवली. पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. पण ती धाव काही धरून ठेवत नाही, नुसती बसली आहे.

वजनाचंही तेच. छकडा आम्ही कापूस मोजायच्या काट्यावर ठेवला होता, चौसष्ट किलो भरला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आठपट कमी झाल्या की वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे पाचशे बारापट कमी होतं. चौसष्ट किलोचे सव्वाशे ग्रॅम व्हायला हवेत. माझा पहिला छकडा किराणा दुकानाच्या काट्यावर दोनशे दहा ग्रॅम भरला. दिसायला हुबेहूब आणि वजनाने जवळजवळ पावणेदोनपट! याचा अर्थ लाकूड कुठेतरी जाड राहिलं होतं. शर्यतीच्या गाडीत हे अक्षम्य आहे, कारण तिचं सगळं रूप वजन कमी करण्यातून आलेलं असतं. मोटारींच्या हौशी लोकांना रंग आणि चकाकी यांची पारख असते. त्यांनी प्रतिकृती काट्यावर ठेवून पाहावी, कुठे खोटं बोललो ते काटा सांगतो. मी फळी पुन्हा रंधली. खऱ्यात ती पाऊण इंच होती, म्हणजे माझी अडीच मिलिमीटरच्या आत हवी, ती पाचची राहिली होती. धुऱ्या मागच्या बाजूने पोखरल्या. एकशे चाळीसपर्यंत आणलं. त्याखाली गेलो तर हातात घेताच मोडते. धावड्याचा दांडा खऱ्यात माणसाचा भार झेलतो, तोच दोन बोटांच्या चिमटीत टिकत नाही. एकास आठ धावडा कुठे मिळत नाही.

बैलांचं काम वेगळं. तान्ह्या पोळ्याचा बैल उभा असतो, पाय खांबासारखे. पटाचा बैल पळतो. फळी आणि तिची चाकं काढून टाकली, पाय गुडघ्याशी आणि खांद्याशी कापले, कोन बदलून बांबूच्या खुंट्यांनी पुन्हा जोडले. सांध्यात सागाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं. मान पुढे ताणली. शिंगांवरचं बेगड आणि पाठीवरच्या रंगीत झुली खरवडून काढल्या, कारण पोळ्याची सजावट दाणीवर नसते. शेवटी शेतातली काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून गुडघ्यापर्यंत फुंकली.

या जोडीत एक खोट होती. दोन्ही बैल हाताने कोरलेले, त्यामुळे एक सहा इंच आणि दुसरा पाव इंच कमी. मला ते खुपलं. लहान बैलाच्या खुरांखाली लाकडाच्या चकत्या चिकटवल्या, घासून एकजीव केल्या आणि जोडी सारखी केली. जू मात्र शोभेच्या बैलगाडीचंच वापरलं. लांबीला बरोबर साडेसात इंच होतं, खऱ्याच्या साठ इंचांशी जुळणारं. मधोमध आयती खाच होती, जिथे ते धुऱ्यांना बांधायचं. वहीत मी खऱ्या जुवाची मापं अशी लिहिली होती: खाचेपासून डावीकडे एकतीस, उजवीकडे एकोणतीस. बाजूला गोल करून प्रश्नचिन्ह काढलेलं. टेप सरकली असेल, किंवा सुताराचा हात चुकला असेल, असं धरून मी आयती खाच तशीच ठेवली. एकास आठ मापात तो एका इंचाचा फरक तीन मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरसाठी कोण चांगलं जू फोडतो?

प्रतिकृती पुरी झाली तोवर मूळ छकडा राहिला नव्हता. त्याची चाकं कुठल्याशा हॉटेलच्या फाटकाला लावायला गेली, धुऱ्या कुंपणात गेल्या, फळी चुलीत. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पट बंद, मग छकडा कशाला? राज्याने २०१७ साली कायद्यात बदल केला होता, पण उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पट पुन्हा भरू लागले. पण मधल्या साडेसात वर्षांत छकडे जोडणारे काही हात गेले, काहींनी वाकस ठेवून दिली. आता मी पाहतो त्या पटांत लोखंडी नळ्यांचे, वेल्डिंग केलेले छकडेही दिसतात. ते हलके असतात, एकमेकांसारखे असतात.

पट असावा की नसावा, याबद्दल माझ्या घरातच एकमत नाही. बैलाच्या शेपटीला चावा घेणारा धुरकरी मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि खिळा लावलेली पुराणीही. न्यायालयाने २०१४ मध्ये जे म्हटलं ते हवेतून आलेलं नव्हतं. आणि त्याच बैलाला स्वतःच्या मुलाआधी ढेप-सरकी घालणारा शेतकरीही मी पाहिला आहे. माझी मुलगी म्हणते, दुसऱ्याने पहिलं पुसलं जात नाही. तिचं बरोबर असेल. पण छकड्याचं माप ठेवायला पटाच्या बाजूने असावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रतिकृती घेऊन मी त्या गावी गेलो. त्या छकड्यावर बसणारे धुरकरी आता सत्तरीच्या पुढे आहेत. ओसरीत बाजेवर बसून त्यांनी ती मांडीवर घेतली. चाक फिरवून पाहिलं, धाव नखाने वाजवून पाहिली आणि काही बोलले नाहीत. मग जुवावर बोट ठेवून खूप वेळ थांबले.

“हे मधात काहून बांधलं जी तुम्ही?”

“मधातच असते ना, बाबा?”

“आमचं मधात नव्हतं. दोन बोटं उजवीकडे होतं. डावा नवा होता, कच्चा. थोडा बुटकाही होता. मधात बांधलं असतं त उजव्यानं त्याले ओढत नेलं असतं. गाडी वाकडी गेली असती.”

घरी येऊन वही काढली. एकतीस आणि एकोणतीस. डावी बाजू लांब.

नांगराला एक जुना आणि एक नवा बैल जुंपताना शेतकरी हेच करतो, हे मला माहीत होतं. तरफेचा साधा नियम आहे. दोन मानांमधलं अंतर अठ्ठेचाळीस इंच. बांधणी मधोमध असेल तर दोघांवर चोवीस-चोवीस इंचांची बाजू येते आणि ओढ निम्मी-निम्मी. ती एक इंच उजवीकडे सरकवली की डाव्याची बाजू पंचवीस इंच होते, उजव्याची तेवीस. ज्याची बाजू लांब त्याच्यावर ओढ कमी. शंभरातले अठ्ठेचाळीस डाव्यावर, बावन्न उजव्यावर. फरक एवढासाच. पण काही सेकंदांच्या धावेत, सरळ दाणीवर, दोन बैलांना एका रेषेत ठेवायला तो पुरतो. नांगरात हे ओळखणारा मी, शर्यतीच्या छकड्यात ते सुताराची चूक म्हणून सोडून दिलं. छकडा ही दोन सारख्या बाजूंची वस्तू असणार, असं मी धरून चाललो होतो. तो छकडा एका विशिष्ट जोडीसाठी, त्यातल्या एका विशिष्ट कच्च्या बैलासाठी तसा केलेला होता. जोडी बदलली असती तर खाचही बदलली असती.

त्याहून लागलं ते बैलांचं. तान्ह्या पोळ्याच्या बाजारात मला जी जोडी मिळाली तीत एक बैल पाव इंच कमी होता. पाव इंच गुणिले आठ म्हणजे दोन इंच. न मागता खरी जोडी हाती आली होती, आणि मी तिच्या पायांखाली चकत्या लावून ती सारखी केली. आयते भाग जोडून वस्तू करणाऱ्याला हा धोका कायम असतो. ते भाग कोणीतरी नीटनेटके, दोन्ही बाजूंनी सारखे केलेले असतात, आणि आपली वहीतली आकडेवारी त्यांच्यापुढे ओबडधोबड दिसते. मग आपण वही दुरुस्त करतो.

चकत्या काढल्या. डावा बैल पुन्हा बुटका झाला, पायाच्या टोकांना कापल्याच्या खुणा राहिल्या आहेत. जू बदललं नाही. जुन्या खाचेत बाभळीचा तुकडा ठोकून ती बुजवली आणि तीन मिलिमीटर उजवीकडे नवी कोरली. बुजवलेली खाच रंगवली नाही, तिचं लाकूड वेगळं दिसतं. वहीत प्रश्नचिन्ह खोडून तिथे तारीख लिहिली. या संक्रांतीनंतर प्रतिकृती पुन्हा त्या ओसरीत न्यायची आहे. धुरी किती वाकवली होती, याबद्दलही बाबांचं काहीतरी म्हणणं आहे, पण त्या दिवशी त्यांना झोप आली होती.